मिठाच्या माणसाचा ओठ

रिठद, ता. २२ सप्टेंबर १९५५
(कार्ड)

चि. विजयमाला,

इकडे सगळं ठीक. ज्वारी निसवली, कपाशीला पात्या धरल्या. तुझी आई गुडघ्याला एरंडेल चोळते आणि तुझं नाव घेते. अकोल्याच्या कामाबद्दल मागच्या दोन कार्डांत विचारलं होतं, उत्तर आलं नाही. डॉक्टर फेब्रुवारीअखेरपर्यंतच तिथे आहेत, मग त्यांची बदली. ओंकारला घेऊन फक्त वाशिमपर्यंत ये, पुढचं मी बघतो.

यापेक्षा जास्त लिहीत नाही. कार्ड आधी पोस्टमन वाचतो, मग तुझ्या सासरी, धनज गावात, ज्याला ज्याला वाचता येतं तो वाचतो, मग विहीणबाई कोणाकडून तरी वाचून घेतात. त्या सर्वांना माझा नमस्कार.

इंद्रभान


रिठद, ता. ९ ऑक्टोबर १९५५
(पाकीट)

चि. विजू,

हे पाकीट तुझ्या नावाचं आहे. तूच फोड, तूच वाच. मग कोणाला दाखवायचं ते तुझं तू ठरव.

मी अकोल्याला जाऊन आलो ते तुला नीट सांगितलं नाही. डॉक्टरांना मी ओंकारचा ओठ कागदावर काढून दाखवला. वरचा ओठ, डावीकडे चिरलेला, चीर नाकपुडीपर्यंत. त्यांनी कागद उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "चित्रकार आहात का?" मी म्हटलं, "शेतकरी आहे साहेब. पण चेहरे नीट पाहायची सवय आहे." टाळू धड आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा मोकळा झाला. असे ओठ त्यांनी पुष्कळ शिवले आहेत. मूल बोलायला लागतं तेव्हाच शिवला तर शब्द स्वच्छ निघतात. दवाखान्यात आठ-दहा दिवस राहावं लागेल, एवढंच. ओंकार आता वीस महिन्यांचा झाला. म्हणून घाई करतो आहे.

आता विहीणबाईंचं म्हणणं. ते मला शब्द न् शब्द पोचलं आहे. "बापानं पोटुश्या लेकीले तंबूत नेलं, राक्षस दाखवला, आन् त्या राक्षसाचं तोंड पोटातल्या लेकराले लागलं. देवाची खूण हाये ते. तिले सुई लावू नये." हिरीबाई सुईणीने इथून काहीबाही नेलं आणि तिकडे त्याचा डोंगर झाला. तुला तंबूत कोणी नेलं या प्रश्नाला मी बारशाच्या दिवशी सगळ्यांसमोर उत्तर दिलं होतं, "मी नेलं." ते उत्तर मी बदलणार नाही.

पण दुसऱ्या गोष्टीला माझं उत्तर सरळ आहे. रिसोडच्या सिनेमाच्या तंबूत त्या डिसेंबरात आपण पाहिलेलं इंग्रजी चित्र मला पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ आहे. मिठाच्या खाणीत शंभर वर्षं गाडला गेलेला माणूस जिवंत बाहेर येतो, अंगभर पांढरा, ओठ फाटलेला. गावभर आपलं घर शोधत फिरतो, लोक दारं लावून घेतात, आणि शेवटी तो नदीत शिरून विरघळतो. सगळा तंबू त्याला फाटतोंड्या म्हणायचा. मी त्याला मिठाचा माणूस म्हणतो. तर त्या मिठाच्या माणसाचा ओठ फाटला आहे उजवीकडे. मी चार वेळा पाहिलं आहे, माझी चूक होणार नाही. ओंकारचा ओठ डावीकडे. राक्षसाचं तोंड लागायचं असतं तर त्याच बाजूला लागलं असतं ना? हे विहीणबाईंना वाचून दाखव. त्या हिशेबी बाई आहेत, त्यांना पटेल.

लोक मला हसतात ते तुला लहानपणापासून माहीत आहे. "काय राक्षसबुवा, सकाळी मारुतीले पाणी अन् संध्याकाळी राक्षसाले हजेरी?" असं पारावर विचारतात. विचारू देत. मी बारा वर्षांचा असताना वाशिमला बालाजीच्या यात्रेत पहिला राक्षस पाहिला. मुकं चित्र होतं, शिंगं कागदाची होती, एक शिंग तर वाकलं होतं. तेव्हापासून जिथे तंबू लागला आणि पाटीवर राक्षस दिसला तिथे मी चालत गेलो. देव सगळ्या चित्रांत सारखेच असतात, तोच मुकुट, तोच वर द्यायचा हात. राक्षस मात्र दर वेळी कोणीतरी बसून नव्याने घडवलेला असतो. त्याला काय हवं आहे ते चेहऱ्यावरून ओळखावं लागतं. इंग्रजी चित्रं मी तंबूतल्या लोकांना उभा राहून समजावून सांगायचो, ती अशीच. मला इंग्रजी कुठे येतं? ज्याला घर सापडत नाही त्याचं दुःख कळायला ते लागत नाही.

गेली दोन वर्षं मात्र तंबूकडे गेलो नाही. शेतीची कामं होती.

उत्तर पाठव.

तुझा बाबा


रिठद, ता. २० नोव्हेंबर १९५५
(पाकीट)

चि. विजू,

दिवाळीला येशील असं वाटलं होतं. तुझ्या आईने अनारसे केले होते. तुझ्या वाटणीचे डब्यात आहेत, ती कोणाला हात लावू देत नाही.

तुला पाठवलेल्या पत्रातला उजव्या-डाव्याचा मुद्दा मी तिला मोठ्या ऐटीने सांगितला. ती वाती वळत होती. म्हणाली, "तुमी कधी मांगून पाह्यलं काय?"

मी म्हटलं, "कुठून मागून?"

"पडद्याच्या मांगून. आमी बाया कुठी बसतो? मांगं. आमच्या बाजूनं सारं उलटं दिसते. राजा डाव्या हातानं जेवते, नवरी उजव्या खांद्यावर पदर घेते. आमाले सवय हाये."

पस्तीस वर्षं तंबूत जातो आहे. पडदा तंबूच्या मधोमध, यंत्राच्या बाजूला पुरुष, पलीकडे बायका. खेळाआधी पडद्यावर पाणी मारतात ते पलीकडे चित्र उमटावं म्हणून, हेही माहीत. पण पलीकडे ते कसं उमटतं हे पाहायला मी एकदाही गेलो नाही. मनातही आलं नाही.

तरी मला वाटतं, ओठाच्या बाबतीत एवढा फरक पडणार नाही. बारीक चीर आहे. तंबू मार्गशीर्षात रिसोडला परत येतो आहे, तेच चित्र आणतो आहे असं ऐकलं. बघून येतो आणि तुला लेखी कळवतो. तोवर विहीणबाईंना काही वाचून दाखवलं नसशील तर दाखवू नकोस.

बाबा


रिठद, ता. १९ डिसेंबर १९५५
(पाकीट)

चि. विजू,

जाण्याआधी मारुतीला सांगून गेलो. सांगावं लागलं, कारण शेतीची कामं होती हे मी तुला खोटं लिहिलं. ओंकार झाला त्याच आठवड्यात मी मारुतीपुढे बोललो होतो की त्याचा ओठ नीट होईपर्यंत राक्षस पाहणार नाही आणि दाढीला वस्तरा लावणार नाही. दाढी आता छातीपर्यंत आली आहे. पारावरचे म्हणतात, बुवा आता तंबूत जाऊन राह्यलाच नाही, तंबूच बुवाले पाहाले येईन. पेटीत पोथीखाली ठेवलेल्या चित्रांच्या जाहिराती, सगळ्या बावीस, त्याही त्याच आठवड्यात चुलीत घातल्या. ज्या माणसाला आपलं काही चुकलं नाही याची खात्री असते तो असं करत नाही. हे मला आता लिहिताना कळतं आहे.

नवसातला अर्धा भाग मोडला, तो ओंकारच्याच कामासाठी, म्हणून मारुती रागावणार नाही. दाढी तशीच आहे.

रिसोडला यंत्रावर तोच उदयसिंग आहे. मला म्हणाला, "इंद्रभानजी! दोन साल झाले, कुठी होते? लोकाईले समजावून सांगनारं कोनी नाई." मी म्हटलं, आज मला बायकांच्या बाजूला बसायचं आहे. तो हसला, मग मी हसत नाही हे पाहून थांबला. "बसा. पन मार खाल्ला तं मले सांगू नका."

मार नाही खाल्ला, बोलणी खाल्ली. तुळसाबाई, आपल्या शेजारची, पुढच्याच रांगेत होती. "अवो बाप्पा, बुवा लुगडं नेसून तरी याचं होतं!" दुसरी म्हणाली, "दाढीवर पदर घ्या म्हना." मी सरळ सांगितलं, माझ्या नातवाचं काम आहे. मग त्या सरकल्या आणि जागा दिली. एकीने मला भाजलेले हरभरे दिले.

विजू, तिथून सगळं उलटं दिसतं. तुझी आई खरं बोलली. मिठाचा माणूस खाणीतून वर आला, उजेडात वळला, आणि त्याचा ओठ डावीकडे फाटलेला होता. ओंकारचा आहे तिथेच. चीर नाकपुडीपर्यंत.

माझा मुद्दा संपला. ही गोष्ट मी तुझ्यापासून लपवू शकलो असतो. रिसोडहून रिठदपर्यंत चालत येताना तसा विचारही केला. पण लिहून कळवतो असं म्हटलं होतं, म्हणून कळवतो.

अजून एक आहे. खेळ संपल्यावर मी उदयसिंगाला म्हटलं, मला तो ओठ जवळून पाहू दे. त्याने शेवटच्या रिळातला तुकडा कंदिलापुढे धरला. मिठाचा माणूस नदीत शिरतो तिथला. पडद्यावर ते इतक्या झटक्यात जातं की कळत नाही. पण कंदिलापुढे चित्र स्थिर असतं. पाणी लागून त्याच्या ओठावरचं चिकटवलेलं कातडं सुटून लोंबतं आहे, आणि त्याच्याखाली एक साधा, अखंड ओठ आहे. कोणा मास्तरासारख्या माणसाचा. उदयसिंग म्हणाला, "पंधरा गावं दाखवलं हे चित्र, मले नाई दिसलं कधी."

मी बराच वेळ ते पाहत राहिलो. कोणी तरी सकाळी बसून त्या माणसाचा ओठ फाडला होता आणि संध्याकाळी पुन्हा नीट केला होता, रोज. तेवढ्याने आपला प्रश्न सुटत नाही हे मला समजतं. ओंकारचा ओठ गोंदाचा नाही. पण तिथे उभा असताना मला डॉक्टरांचे हात आठवले, आणि भीती वाटली नाही. नारायणाने काही ओठ पूर्ण करून पाठवले, काही दुसऱ्या कोणाच्या हातावर सोडले. सुई लावणं त्याच्या विरुद्ध आहे असं मला वाटत नाही. कितीही विचार केला तरी वाटत नाही.

फेब्रुवारी संपायला दहा आठवडे आहेत.

बाबा


रिठद, ता. ११ जानेवारी १९५६
(पाकीट)

चि. विजू,

तुझं उत्तर नाही. बाजू जुळते हे मी कळवलं म्हणून रागावली असशील असं तुझी आई म्हणते. मला तसं वाटत नाही. तुझा राग त्याच्या आधीचा आहे आणि तो कशाचा आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. इतकी पत्रं झाली, मी त्याच्या आजूबाजूने फिरतो आहे. मिठाचा माणूस फिरतो तसा, दर दाराशी जातो आणि आपल्याच दाराशी थांबत नाही.

हिरीबाईचं नाव मी उगाच घेतलं. तिने माझेच शब्द नेले होते.

माघातली सकाळ. तू आतल्या खोलीत, मी अंगणात. हिरीबाई दारात आली, कापडात गुंडाळलेलं बाळ माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, "घ्या आजोबा, पोरगा झाला." मी हात पुढे केले. कापड बाजूला झालं. मी मागे सरकलो. दोन पावलं. माझी पाठ गव्हाणीला लागली तेव्हा थांबलो. आणि बोललो, "हा तं फाटतोंड्याच!"

तंबूत त्या राक्षसाला मी कधी त्या नावाने हाक मारली नव्हती. इतरांनी मारली तर मला राग यायचा. माझ्या नातवाला मात्र पहिली हाक मी तीच मारली. बारशाला आपण ओंकार नाव ठेवलं, पण त्याआधी बारा दिवस त्याच्याकडे मी दिलेलंच नाव होतं.

दार उघडं होतं. तुझी खाट दारासमोर होती. तू पाहिलंस का, ऐकलंस का, हे मी तुला विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. सव्वा महिन्याने जावई जगदेवराव न्यायला आले तेव्हा तू पाया पडलीस, पण मान वर केली नाहीस. त्यानंतर पंचमी नाही, दिवाळी नाही.

पस्तीस वर्षं मी सांगत आलो की राक्षसाकडे नीट पाहा, त्याला काय हवं आहे ते पाहा. तंबूत उभा राहून शंभर माणसांना सांगितलं. बाळाला काय हवं होतं? मी त्याला घ्यायला हवं होतं. एवढंच. ते मला ओळखता आलं नाही.

तुझी माफी मागतो. बाप लेकीची माफी मागत नाही असं लोक म्हणतात, मला ते कुठल्या पोथीत सापडलं नाही.

माझ्यावर राग ठेव, कितीही दिवस ठेव. ओंकारला त्या रागात अडकवू नकोस. तो बोलायला लागला असेल. माझं तोंड पाहायचं नसेल तर मला न कळवता जगदेवरावांबरोबर थेट अकोल्याला जा. डॉक्टरांना त्यांनी ठेवून घेतलेला कागद आठवेल. सांग, ओठ काढून आणणाऱ्या शेतकऱ्याचा नातू.

बाबा


रिठद, ता. ७ फेब्रुवारी १९५६
(पाकीट)

चि. विजू,

तुझं कार्ड काल आलं. पोस्टमनने ते पारावर थांबून सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं आणि मग मला दिलं. तू पाकीट का घेतलं नाहीस हे मला आधी कळलं नाही. मग कळलं. तुला ते सगळ्यांनी वाचायला हवं होतं, धनजात आणि इथेही.

मी ते इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं. तरी इथे उतरवून ठेवतो, कार्डाची शाई फिकी आहे.

"बाबा, तंबूत मीच हट्ट करून आली होती, हे मी सासूबाईले सांगतलं. तुमी कायले आपल्या अंगावर घेतलं? आन् राक्षसाले पाहून मी भ्याली नव्हती. मांगच्या बाजूले कोनीच भ्यालं नव्हतं. तो म्हातारीच्या दाराशी उभा राह्यते तवा आमी साऱ्या बाया रडलो. मी भ्याली ते तुमी मांगं सरकले तवा. दार उघडं होतं. सासूबाई म्हनाल्या, शिवून तं आना, मंग पाहू. रविवारी दुपारी आमी तिघं वाशिम ठेसनावर येतो. ओंकार 'पानी' म्हनते, पन 'प' येत नाई."

तुझी आई रडली आणि लगेच अनारशांचा डबा बांधायला बसली. ते तीन महिन्यांचे आहेत, कोणी खाऊ नका, पण ती आणेल.

मारुतीला नारळ फोडला. दाढी अजून तशीच आहे, ती दवाखान्यातून निघाल्यावर बालाजीच्या दारात उतरेल. म्हणून तुला आधीच सांगून ठेवतो. फलाटावर मी ओळखू आलो नाही तर गोंधळू नकोस. लिंबाच्या झाडाखाली, छातीपर्यंत दाढी असलेला, खांद्यावर पांढरं धोतर टाकलेला माणूस, तो मी. दिसायला भेसूर आहे. तुळसाबाईची गाय परवा मला पाहून बुजली.

ओंकारला माझ्या हातात देऊ नकोस. खाली उभा कर, त्याचा तो. तो मला पाहील, नीट पाहू दे. मागे सरकला तर सरकू दे, त्याला कोणी पुढे ढकलू नका, "आजोबा हायेत, भिऊ नको" असंही म्हणू नका. जगदेवरावांनाही हे सांग. त्याला जेवढी पावलं मागे जायचं असेल तेवढी त्याने जावं.

अकोल्याची गाडी दोन तासांनी आहे. मी लिंबाखाली बसून राहीन.

तुझा बाबा